न फिरणाऱ्या रेघा

निपाणीतल्या आमच्या रिकाम्या तंबाखूच्या वखारीत, खाली तळघरात, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विश्वातल्या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे कण शोधायचं यंत्र उभारलं होतं. कण आतल्या वायूत आदळला की पडद्यावर रेघ उमटते आणि तो कुठून आला ते कळतं. हे कण हंस तारकासमूहाकडून यायला हवेत, म्हणजे आकाशाबरोबर रेघाही फिरायला हव्यात.

"न फिरणारी रेघ आकाशातली न्हाय, खोलीतली," अण्णा म्हणायचे.

ते गेल्यापासून रेघा फिरत नाहीत. सगळ्या त्यांच्या खुर्चीकडून येतात.

आज मी ती खुर्ची वर नेऊन ठेवली. परत येऊन पाहिलं, तर रेघा जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीकडून येत होत्या. बाहेर पडायला तो एकच जिना आहे. अण्णाच असतील तर भ्यायचं कशाला, असं स्वतःला सांगूनही माझ्याने तिकडे पाऊल टाकवेना.

"प्रणिता, दिवस बुडत आलाय गं," आईने वरून हाक मारली. "का तूबी अण्णांसारखी यंत्रापायी उपाशी झोपणार?"

तिला थांब म्हणायला मी पडद्यावरून नजर काढली, तोवर तिची चप्पल पायरीवर वाजली.

आई जिना उतरू लागली. पडद्यावर रेघांचा उगम एकेक पायरी वर चढत होता.