काठावर पाय सोडून

"केस सगळे आत गेले पाहिजेत," ब्लेअर म्हणाली.

केझायाच्या वेण्या त्या रबरी टोपीत मावत नव्हत्या. टोपी बनवणाऱ्याच्या डोक्यात असले केस कधी आलेच नसावेत. शेवटी दोन टोप्या घातल्या, एक पुढून, एक मागून.

उद्या पदवीदान. पण कॉलेजचा पोहण्याचा तलाव पार केल्याशिवाय पदवी नाही, हा इथला जुना नियम. बाकीच्यांनी तो पहिल्याच आठवड्यात हसतखिदळत उरकला होता. केझायाचं मात्र चार वर्षं सर्दी, केस, पाळी, पुन्हा केस असं चाललेलं. मार्चपासून ती गुपचूप उथळ बाजूला धडपडत होती.

"मला खरंच वाटायचं, केसांमुळे येत नाहीस," ब्लेअर म्हणाली. दोघींचा रंग एकच. पहिल्या वर्षी खोलीही एकच. पण ब्लेअरच्या घरामागे निळा तलाव होता आणि कॉलेजच्या पोहण्याच्या संघात काळी अशी ती एकटीच. प्रशिक्षकबाईंनी परीक्षा घ्यायला तिलाच धाडलं होतं. तुमचं आपसात बरं जमेल, म्हणाल्या.

"केसांमुळेच. तू शिट्टी वाजव."

केझायाची आजी बाकावर होती. मेम्फिसहून बसनं आलेली. डोक्यावर चर्चला घालायची जांभळी हॅट, मांडीवर पर्स, पाण्याकडे पाठ. पाण्याजवळ गेलीस तर तंगडं मोडीन, असं म्हणत तिनंच नातीला वाढवलं होतं.

"झालं की सांगा," ती भिंतीला म्हणाली.

शिट्टी वाजली. उंच खिडक्यांतून आलेलं ऊन पाण्यात तुटत होतं आणि केझाया त्या तुकड्यांतून चालली होती. खोल बाजू लागली तसे तिचे हात जड झाले. नाकात पाणी गेलं. काठ हाताच्या अंतरावर, पण तो धरला की संपलं.

ती उताणी झाली.

आवाज सगळे विझले. वर छतावर उजेडाची जाळी हलत होती, खाली काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीनं तिला अलगद उचलून धरलं होतं.

ब्लेअरनं तोंडातली शिट्टी काढली. ती काठानं चालू लागली. "अशीच राहा. श्वास घे. कुणाला घाई नाहीये."

शांतता फार वेळ टिकली तशी आजी वळली.

"जिवंत आहे ना ती?"

"हो आजी. तरंगतेय."

"धरलंय कुणी?"

"कुणीच नाही."

केझायाच्या पायांनी हलकेच पाणी ढकललं, पुन्हा ढकललं. खूप वेळानं तिची बोटं पलीकडच्या भिंतीला लागली. तरी ती तशीच पडून राहिली, डोळे मिटून.

ब्लेअर वळून बघते, तर आजीनं बूट काढलेले. मोजे नीट गुंडाळून तिनं पर्समध्ये ठेवले, हॅट सावरली, आणि कण्हत कुंथत काठावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"आमच्या गावातही होता असा, फक्त गोऱ्यांसाठी," ती म्हणाली. "आम्हा काळ्यांनाही आत घ्यायची पाळी आली, तेव्हा त्यांनी सिमेंट ओतून बुजवला."

ब्लेअर घुटमळली. "आजी, इथं असं बसायची परवानगी नाही हो."

"ठाऊक आहे गं पोरी," आजी पायाची बोटं हलवत म्हणाली. "लहानपणापासून ठाऊक आहे."