झाओंचा कॉल

मशीन बंद पडून नऊ दिवस झाले होते. चाकणच्या त्या छोट्या कारखान्यात पंख्याच्या मोटारीला तार गुंडाळणारं ते एकच मशीन, चीनहून आणलेलं. दोन्ही देशांचं बिनसलं होतं, त्यामुळे ते दुरुस्त करणाऱ्या झाओंना व्हिसा मिळत नव्हता. "सोमवारपर्यंत सुरू झालं नाही, तर कारखान्याला टाळं लागेल," मालकांनी सांगून टाकलं.

मशीन चालवणाऱ्या हेमांगीने शेवटी स्वतःच झाओंना व्हिडिओ कॉल लावला. मशीन बसवायला आले तेव्हा ते दोन महिने इथेच होते. मोडकीतोडकी हिंदी शिकून गेले होते.

"झाकण उघडा, ताई," ते म्हणाले.

"खबरदार!" मालक धावत आले. "काही तुटलं तर आता सुटा भागही मिळायचा नाही!"

तरी हेमांगीने पाना उचलला. झाओ सांगत गेले, ती एकेक बोल्ट काढत गेली. तासाभराने दातेरी चाकात रुतलेला तारेचा तुकडा चिमट्यात आला. बटण दाबताच मशीन धडधडू लागलं. भोवती जमलेल्या कामगार बायकांनी टाळ्या पिटल्या.

झाओ मात्र हसले नाहीत. "आज जे केलं ते नीट लक्षात ठेवा, ताई. भारतात कुणाला फोनवरूनही काही शिकवायचं नाही, असं आमच्या कंपनीने बजावलंय."

"अहो, मग तुम्ही कसं..."

त्यांनी दचकून मागे पाहिलं आणि पडदा काळा झाला.

कारखान्यात काम जोरात सुरू झालं होतं. हेमांगी कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती.