डावा खांदा

मास्तरांनी दोन बोटांनी फोटो पुन्हा मोठा केला. छे, डोळ्यांचा दोष नव्हता. लेकीचा डावा खांदा खाली उतरला होता. चांगला अर्धा इंच.

फोटो नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून शनिवारी सकाळी आला होता. पांढऱ्या गणवेशात बारा मुली एका रांगेत, उजवीकडून तिसरी त्यांची. बायकोनं फोटो पाहून डोळे पुसले. दुकानाशेजारच्या चष्मेवाल्यानं चहा मागितला आणि वसूलही केला. मास्तरांना मात्र कॉलर आणि बाही यांच्यामध्ये पडलेली तिरपी सुरकुती दिसली, आणि तिथून त्यांची नजर हलेना. तीस वर्षं शिंपी म्हणून ते लोकांचे खांदे मोजत होते. अशी सुरकुती कापडानं पडत नाही, आतल्या हाडानं पडते.

"पोरीनं खांदा दुखावून घेतलाय," ते म्हणाले. "आणि कुणाला सांगत नाहीये."

बायकोचं शिलाई मशीन तेवढं जोरात चालू झालं.

न सांगण्याचं कारण मास्तरांना ठाऊक होतं. तिथे दुखापत झालेल्यांना सरळ पुढच्या तुकडीत ढकलतात, हे लेकीनंच सांगितलं होतं. सोमवारी लांब पोहण्याची परीक्षा होती. कळवावं तर तिचं वर्ष बुडणार, गप्प बसावं तर ती तशीच पाण्यात उतरणार. भरती होण्याआधी वर्षभर पहाटे ती पळायची आणि मास्तर मागून सायकलवर, गळ्यात शिट्टी नि हातात घड्याळ. शेवटी शेवटी मास्तरांनाच जास्त धाप लागायची. तिचा रविवारचा फोन दहा मिनिटांचा, आणि रविवार उजाडायला अख्खा शनिवार जायचा होता.

हाताला काम सुचेना. एका पँटचे दोन्ही पाय त्यांनी डावेच कापले. तेवढ्यात बँकेतला कारकून कोटाचं माप द्यायला आला. माप घ्यायची मास्तरांची पद्धत ठरलेली. ते टेप लावून मोठ्यानं बोलायचे, मागे मशीनवर बसलेली बायको वहीत उतरवायची. माप आणि खोड दोन्ही. दुकानात बसलेल्यांची फुकटात करमणूक व्हायची.

"पोट पुढे, पाठीला बाक," मास्तर सवयीनं ओरडले. "आणि उजवा खांदा पार उतरलाय की हो साहेब! फायली उचलता की सासरेबुवांना?"

दुकान हसलं. कारकूनही हसला, जरा उशिरानं. बायकोनं मान खाली घालून लिहून घेतलं.

कारकून गेला आणि मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी रुजू होण्याचं पत्र खणातून काढलं आणि त्यावरचा नंबर फिरवला.

मशीन थांबलं. "कुणाला लावताय?"

"केंद्राच्या ऑफिसात. डॉक्टरांना बघू दे."

"अहो, वर्ष जाईल तिचं."

"जाऊ दे. हात जायला नको."

पलीकडे घंटी वाजू लागली. बायको उठली, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. तीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. मग तिनं शेल्फवरून लेकीचा कॉलेजातला शर्ट काढला. मास्तरांनीच शिवलेला. ब्लेडनं डाव्या खांद्याची शिवण उसवली, आणि आतून कापसाचा एक पॅड टेबलावर पडला. धुऊन धुऊन चपटा झालेला.

"काही दुखावलेलं नाही तिला," ती म्हणाली. "खांदा तसाच आहे. अकरा वर्षांची होती तेव्हापासून. भरतीच्या डॉक्टरांनीही पाहिला, काही अडत नाही म्हणाले."

"आणि मला दिसला नाही?"

"कसा दिसेल? तुम्ही टेप घेतला की ती खांदा उचलून धरायची. घरातसुद्धा. तुम्ही आसपास असलात की उचललेलाच, पळतानाही. शिवून झालं की मी मागाहून पॅड घालायची."

"पण का?"

बायकोनं वहीकडे पाहिलं. कारकुनाचं पान अजून उघडंच होतं.

"‘बाबांना सांगू नकोस’ म्हणाली होती. ‘ते दुकानात ओरडून सांगतील.’"

मास्तर स्टुलावर बसले. आपण अख्ख्या गावाचे खांदे पाहिले, असं त्यांना वाटत आलं होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. दुपारी दोन गिऱ्हाइकं आली. मास्तरांनी त्यांची मापं स्वतःच वहीत लिहिली, तोंडातून शब्द न काढता. दुसऱ्याला वाटलं, मास्तरांचा घसा बसलाय.

रविवारी पाच वाजता फोन वाजला. कालपासून त्यांनी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. ऐन वेळी एकही आठवेना.

"बाबा, फोटो पाहिलात?"

"पाहिला. छान दिसतेस."

"आणि युनिफॉर्म? बसलाय का नीट?"

ती थांबली. मास्तरांना कळलं ती कशासाठी थांबलीय.

"बसलाय की. काही बदलायला नको," ते म्हणाले. मग राहवलंच नाही. "खांदा दुखतो का गं?"

पलीकडे कुठेतरी शिट्टी वाजली.

"आईनं सांगितलं वाटतं."

"हं."

"इथे पहिल्याच दिवशी आमच्या ट्रेनर बाईंनी पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, ‘हा खांदा कशाला वर धरलायस? सोड.’ मी सोडला. दुखायचा तो घरी, बाबा. आता नाही दुखत."