अकरा नंबरची खोली

"फोटोत तूच आहेस ना गं?" व्हर्डाने आपल्या कॅफेच्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं.

मार्लिस टीडमनने कॉफीचा कप खाली ठेवला. गावाबाहेरच्या मोटेलमधली अकरा नंबरची खोली, दार अर्धं उघडं. दारात सिनेटर लॉयल ब्रॅनिगन, शर्टाची वरची बटणं सोडलेली. आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून, अगदी बिलगून उभी असलेली बाई.

"मीच आहे," मार्लिस म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणे!" कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हातारा ऑर्विन हसला. "मतांसाठी हे उमेदवार दारोदार फिरतात हे ठाऊक होतं. दाराच्या आतही बोलावतात, हे नवीन!"

सगळा कॅफे हसला. व्हर्डा तेवढी हसली नाही. शाळेपासूनची मैत्रीण ती. पण तिनेही कप पुन्हा भरला नाही.

पक्षाचा उमेदवार ठरवणारं पहिलं मतदान आयोवा राज्यात, आणि ते आठ दिवसांवर आलं होतं. सिनेटर ब्रॅनिगन राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत पुढे होते. मधे त्यांनी दोन सभा अचानक रद्द केल्या, तेव्हा का केल्या म्हणून पत्रकार मागे लागले होते. आता त्या सभांचं नावही कुणी काढत नव्हतं. आता सगळ्यांना मार्लिस हवी होती.

मार्लिस गावच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होती. गेल्या गुरुवारी दुपारी तीनला मोटेलमधून फोन आला. डॉक्टर परगावी गेलेले. ती एकटीच गेली. सिनेटर पलंगाच्या कडेला बसले होते. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने भिजलेला, आणि नाडी चुकत चुकत चाललेली.

"अँब्युलन्स बोलावते," ती म्हणाली.

"नको."

"अहो, हे हृदयाचं आहे. खेळ नव्हे."

"मला माहीत आहे." त्यांनी तिचं मनगट पकडलं. "गोळी घेतलीय. अँब्युलन्स दारात आली की मी संपलो. कुणालाही कळता कामा नये. कोरीनलासुद्धा नाही. माझी बायको मला आजच्या आज घरी नेऊन बसवेल."

मार्लिसने खूप समजावलं. ते ऐकेनात. दोन तास ती नाडीवर बोटं ठेवून बसून राहिली. पाचच्या सुमारास ठोके जाग्यावर आले. निरोप द्यायला ते दारापर्यंत आले आणि तोल गेला. तिने त्यांना छातीला हात लावून सावरलं. एवढंच झालं होतं.

"पेशंटची गोष्ट पेशंटपाशी राहते," असं ती त्यांना सांगून आली होती.

आता गावात तीन कथा फिरत होत्या. पहिली सरळच होती. दुसरी, तिला विरोधी उमेदवाराने पेरलं. तिसरी, तिला वॉशिंग्टनला मोठी जागा हवी आहे. तिसरी कथा चर्चमधल्या बायकांची होती. त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी देणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव गुपचूप काढून टाकलं.

दवाखान्याने "सगळं निवळेपर्यंत" रजा घ्यायला सांगितलं.

नवरा, ड्वेन, फार बोलणारा नव्हताच. त्याने एकदाच विचारलं, "दोन तास काय करत होतीस?"

"माझं काम."

"कसलं?"

"नाही सांगता येणार, ड्वेन."

तो म्हणाला, "कामावर, गोदामात माणसं मला बघून बोलणं थांबवतात. मी त्यांना काय सांगू, तेवढं तरी सांग."

ती टेबलावरच्या ताटल्या आवरू लागली. त्याने बॅग भरली आणि तो भावाकडे राहायला गेला.

तिने सिनेटरांच्या कचेरीत फोन केला. एकदा नाही, पाच वेळा. पाचव्यांदा पलीकडची मुलगी म्हणाली, "या नावाच्या कुणालाही आम्ही ओळखत नाही." फोन ठेवून मार्लिस जेवणाच्या टेबलापाशी नुसती बसून राहिली. खरं एका वाक्यात मावणारं होतं, पण ते वाक्य तिचं नव्हतं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर कोरीन ब्रॅनिगन दिसली. नवऱ्याचा हात हातात, डोळे लाल. "चुका माणसाकडूनच होतात. मी माझ्या नवऱ्याबरोबर आहे," ती म्हणाली, आणि अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

मार्लिसला ते बघवेना. गावाचं सोसता येत होतं, ड्वेनचंही कसंबसं. पण न घडलेल्या गोष्टीसाठी ती बाई जगासमोर रडत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी ती चाळीस मैल गाडी हाकत शेजारच्या काउंटीत गेली. शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये सिनेटरांची सभा होती. तिने दारावरच्या माणसाकडे कोरीनच्या नावाची चिठ्ठी दिली. वाटलं, हाकलून देतील. पण तिला सरळ आत, एका रिकाम्या वर्गात नेलं. कोरीन तिथे एकटीच होती.

"मिसेस ब्रॅनिगन, मी शब्द मोडतेय," मार्लिस म्हणाली. "पण तुम्हाला कळायलाच हवं. तसं काही नव्हतं हो. ते आजारी होते. छातीत..."

कोरीनने उठून दार लावलं. "हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. माझा नवरा घर सोडून गेला, त्यालाही नाही."

"चांगल्या आहात तुम्ही." कोरीनने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "दोन वर्षं झाली. ते माझ्यापासून लपवतात आणि मला कळत नाही असं समजतात."

"मग तुम्ही... टीव्हीवर..."

"भानगडखोर नवऱ्याला लोक माफ करतात, मार्लिस. आजारी माणसाला मत देत नाहीत. आणि त्यांना दुसरं काही नकोच आहे हो आयुष्यात."

बाहेर कोरीनचं नाव पुकारलं गेलं. तिने डोळे चोळून लाल केले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"तुमचा चेहरा यायला नको होता," ती मागे वळून म्हणाली. "पण गाडीतून फोटो काढताना माझा हात फार कापत होता."