तीन पायांवर

कुत्र्याचा मागचा पाय कापावा लागणार म्हटल्यावर बिर्तेचा नवरा प्रेबेन डॉक्टरांना म्हणाला, "त्यापेक्षा इंजेक्शन देऊन संपवा. लंगडं कुत्रं कोण सांभाळत बसणार?" पुढच्याच आठवड्यात तो दुसऱ्या बाईकडे राहायला गेला.

ऑपरेशननंतर बिर्ते त्या कुत्र्याच्या, ट्रोल्सच्या, शेजारी जमिनीवर झोपू लागली. त्याला कलेजीच्या पेस्टमधून गोळी भरवायची, पोटाखाली टॉवेल धरून अंगणात न्यायची. "राजा, एकदा तरी आपला आपण ऊठ रे," म्हणून विनवायची. तो काही उठेना.

रविवारी प्रेबेन उरलेलं सामान न्यायला आला. त्याच्या गाडीचा आवाज ऐकताच ट्रोल्स धडपडत तीन पायांवर उभा राहिला आणि शेपटी हलवत फाटकाकडे धावला.

"मेल्या, लाज नाही वाटत?" बिर्ते ट्रोल्सवर ओरडली.


ओरडता ओरडता तिचा हात मात्र आपोआप स्वतःचे केस सारखे करत होता.