न मिटलेली तक्रार

"खुनी कोण ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पण मी त्याला पकडणार नाही," असं त्या खेळाडूनं लिहिलं होतं.

बाईंनी ते मत पुन्हा वाचलं. रहस्याचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीसाठी त्या घरबसल्या काम करत. खेळणाऱ्यांची मतं वाचायची, स्तुती एकीकडे आणि तक्रारी दुसरीकडे लावायच्या, तक्रारवाल्याला उत्तर द्यायचं. बहुतेक मतं ठरावीक असत. पुरावे फारच सोपे आहेत. डॉक्टर उगाच रडतो. मधल्या भागात मला झोप लागली. एकानं तर खुनी मिशीवरून ओळखल्याचं अभिमानानं कळवलं होतं. पण ओळखूनही पकडणार नाही म्हणणारा हा पहिलाच. खेळात त्यानं स्वतःचं नाव 'ढापण्या' ठेवलं होतं.

"का पकडणार नाही?" बाईंनी विचारलं.

"पकडलं की खेळातलं गाव मिटतं. नावाडी बोलत नाही, खानावळवाली दार उघडत नाही. एवढी चांगली माणसं, आणि केस संपली की गप्प. मला करमत नाही. ही माझी तक्रार समजा."

थोरली बहीण गेल्यापासून त्यांच्याही घरात दुसरं बोलणारं कुणी नव्हतं. कोण बिचारा एकटा म्हातारा असेल, मुलंबाळं लांब असतील, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून विचारलं, "आज नावाडी काय म्हणाला?"

तेव्हापासून हे रोजचंच झालं. ढापण्या नावाड्याच्या थापा लिहून पाठवी. बाई हसत आणि उत्तर देत. आमच्या ताईला कुठल्याही गोष्टीतला खुनी आधीच कळतो आणि ती सगळ्यांचा विरस करते, असं त्यांनी एकदा लिहिलं. मग ताईबद्दल आणखीही बरंच लिहिलं. जेवताना त्या लॅपटॉप ताटासमोर ठेवू लागल्या. सुट्टीच्या दिवशीही उघडून बघत. त्या माणसाला तेवढाच आधार, असं स्वतःला सांगत.

कंपनीनं त्याचं म्हणणं मनावर घेतलं. खेळात दुरुस्ती झाली. आता खुनी पकडला तरी गाव बोलत राहणार होतं. बाईंनी ते कळवलं. "खेळून बघा आणि समाधान झालं का सांगा." समाधान झालं की तक्रार मिटवायची, आणि तक्रार मिटली की दोघांचंही लिहिणं बंद होई. तसा नियमच होता.

"आज जमलं नाही," ढापण्याचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. पुढे कधी बोटं दुखली, कधी कॉम्प्युटर रुसला. प्रत्येक सबबीनं बाईंना हायसं वाटे आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

शेवटी टीममधल्या मुख्य मुलीचा फोन आला. "ताई, दुरुस्ती कधीच झाली. ती तक्रार अजून उघडी कशी?"

"त्यांचं समाधान झालेलं नाही."

"ते कधी होणार नाही, ताई. काही लोक तसेच असतात. आज मिटवून टाका."

बाईंनी जपून लिहिलं, "आज मला ही तक्रार मिटवावी लागणार. तुमची काळजी वाटते, ढापणेसाहेब. माणसानं इतकं एकटं राहू नये. शेजारीपाजारी कुणाशी तरी बोलत जा."

या वेळी उत्तराला उशीर लागला.

"बाई, रागावू नका. दुरुस्ती आली त्याच दिवशी मी खुन्याला पकडलं. माझं समाधान झालं होतं. पण तुम्ही सुट्टीतही उत्तर देता, जेवतानाही देता. 'थांबा, कुणी हाक मारतंय' असं तुम्ही कधी लिहीत नाही. आणि तुमची ताई कधी काही 'म्हणते', तर कधी 'म्हणायची'. आम्ही रहस्याचे खेळ खेळणारी माणसं. मी तक्रार कशी मिटवू? खाली फोन नंबर देतोय. आता खुशाल मिटवा."

बाईंचे कान तापले. आपण त्याला सांभाळतोय असं त्या समजत होत्या. त्यांनी नंबर कागदावर उतरवला. मग 'मिटली'वर बोट दाबलं. लिहायची चौकट नाहीशी झाली.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. शिवाय बोलायचं तरी काय? एकट्या माणसाला एकटीनं फोन करायचा, आणि दोघांनी नावाड्याबद्दल बोलायचं? तरी त्यांनी नंबर फिरवला.

फोन एका बाईनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता. कुणीतरी पोरांवर ओरडत होतं. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. चुकीचा नंबर लागला, असं वाटून बाई चाचरल्या. "मी... त्या गेमच्या तक्रारीबद्दल..."

"अगंबाई, तक्रारवाल्या ताई का?" पलीकडचा आवाज एकदम जवळचा झाला. "थांबा हं, आमचे हे पोरांना वाढतायत, बोलावते. अहो, घरात सगळ्यांना तुम्ही माहीत आहात. पानं घेतली की रोज कुणी ना कुणी विचारतंच, त्या बाई आज जेवल्या का?"