उशीर

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ, पण हाताला यश असलेल्या. त्या सकाळी लेकीने व्हीलचेअरवरून आणलेली आई घामाने निथळत होती. पाठ आणि जबडा दुखतोय, एवढंच पुटपुटत होती. बाईंनी तडक ईसीजी काढला, हार्ट अटॅक ओळखला, गोळी चावायला दिली आणि तिला अँजिओप्लास्टीसाठी आत धाडलं. तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी झाली, जीव वाचला. पण तोवर हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता.

बाहेर लेक भिंतीला टेकून उभी होती. तिला बघताच बाईंचा पारा चढला.

"कालपासून दुखत होतं म्हणे त्यांना. बायकांना छातीत कळ येतेच असं नाही, अटॅक पुष्कळदा असाच येतो. चांगली शिकलेली दिसतेस, मग आईचं दुखणं अंगावर का काढू दिलंस? कालच आणायला काय झालं होतं?"

लेकीने मान वर केली नाही.

"कालच आणलं होतं, डॉक्टर. पित्त आहे म्हणून तुम्हीच घरी पाठवलंत, आणि रात्रभर ती कण्हत राहिली तशी मी तिच्यावरच चिडत राहिले."